खार, कुत्रा, मूस आणि साडेतीन कोअर

मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दहा मिनिटं नुसतं उभं राहा. "अडीचची लाल दे एक कोईल." "दीडची काळी एफआरमध्ये आहे का?" "साडेतीन कोअर, पस्तीस, आर्मर्ड. मीटरला काय पडेल?" दुकानदाराला हे सगळं एका झटक्यात कळतं आणि पोऱ्या माळ्यावर चढलेलाही असतो. बाकीच्यांना मात्र आकडे आणि अक्षरं नुसती कानांवरून जातात. खरं तर ही अक्षरं आपल्या घराच्या प्रत्येक भिंतीत, वायरीच्या अंगावर छापून गाडलेली आहेत. एकदा वाचायला शिकलं की त्यांत गणित सापडतं, प्राणिसंग्रह सापडतो आणि थोडा इतिहासही.

अडीच एमएम, पण अडीच मिलिमीटर नव्हे

वायरमन "अडीच एमएम" म्हणतो तेव्हा तो जाडी सांगत नसतो, क्षेत्रफळ सांगत असतो. तार आडवी कापली की तांब्याचा जो गोल दिसतो, तो अडीच चौरस मिलिमीटरचा. एकसंध तार असेल तर तिचा व्यास भरतो फक्त १.७८ मिलिमीटर. व्यास खरोखर अडीच मिलिमीटर असता तर क्षेत्रफळ ४.९ चौरस मिलिमीटर झालं असतं, म्हणजे जवळपास दुप्पट तांबं.

त्यामुळे डोळे इथे हमखास फसतात. एकच्या तारेचा व्यास १.१३ मिलिमीटर आणि चारच्या तारेचा २.२६. बघणाऱ्याला चारची तार फक्त दुप्पट जाड दिसते, पण तिच्यात तांबं चौपट असतं. ट्यूबलाइट आणि पंख्याला एक किंवा दीड, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार, अशी जी चढण घराघरांत असते ती या चौपटीच्या हिशेबावर उभी आहे.

याहून गमतीची गोष्ट मानकांच्या पुस्तकात आहे. तिथे "अडीच" हे वायरीचं नाव आहे, माप नव्हे. वायर पास की नापास हे ठरवताना क्षेत्रफळ मोजत बसत नाहीत, रोध मोजतात. अडीचच्या लवचिक तांब्याच्या वायरीचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ७.९८ ओहमच्या वर जाता कामा नये, एवढंच मानक म्हणतं. तांबं शुद्ध असेल तर थोडं कमी घालूनही परीक्षा पास होता येते, आणि भेसळीचं असेल तर जास्त घालूनही नापास. ही मला फार शहाणपणाची पद्धत वाटते, कारण गिऱ्हाइकाला शेवटी वीज वाहून न्यायची असते. तरीही ढोबळ अंदाज हवा असेल तर अडीचच्या ९० मीटर कोईलमध्ये पावणेदोन ते दोन किलो तांबं असायला हवं. हातात घेतलेली कोईल संशय येण्याइतकी हलकी लागली तर दुकानदाराला प्रश्न विचारायला हरकत नाही.

सात बाय वीस

जुन्या वायरमन मंडळींच्या तोंडी अजूनही "तीन बाय बावीस" आणि "सात बाय वीस" असतं. पहिला आकडा तारा किती ते सांगतो, दुसरा प्रत्येक तार किती गेजची ते. वीस गेजची तार ०.९१४ मिलिमीटर जाड असते. तशा सात तारा एकत्र पिळल्या की ४.६ चौरस मिलिमीटर होतात. म्हणून मेट्रिक मापं आली तेव्हा सात बाय वीसची जागा चारच्या वायरीने घेतली. तीन बाय बावीस म्हणजे १.२ चौरस मिलिमीटर, आजच्या एकची थोरली बहीण.

आता गेजची उलटी गंमत. आकडा वाढला की तार बारीक होते. अठरा गेज जाड, वीस त्याहून बारीक, बावीस आणखी बारीक. असं कुणी का केलं असेल? तार तयार कशी होते ते पाहिलं की लगेच उलगडा होतो. धातूची जाड कांब भोकाच्या पट्टीतून ओढतात, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. जितक्या वेळा ओढाल तितकी तार बारीक. गेजच्या आकड्यांचा क्रम कारागिराच्या या कामातून आला आहे. आपल्याकडचे सोनारही तार अशीच काढतात.

इंग्लंडमध्ये पूर्वी गावोगावी आणि कारखानोकारखानी वेगवेगळे गेज होते. बर्मिंगहॅमचा एक, लँकेशायरचा दुसरा. हा गोंधळ संपवायला १८८४ साली कायद्याने एकच स्टँडर्ड वायर गेज ठरवला, आणि तोच पुढे हिंदुस्थानात आला. अमेरिकेने आपला वेगळा रस्ता धरला. ब्राउन अँड शार्प या कंपनीने १८५७ मध्ये गणिताने बांधलेला गेज काढला. त्यात ३६ नंबरची तार ०.००५ इंचाची आणि सर्वांत जाड ०.४६ इंचाची. मधल्या ३९ पायऱ्या सारख्या गुणोत्तराने वाढतात. त्यामुळे तीन नंबर खाली उतरलं की तांबं दुप्पट होतं आणि सहा नंबर उतरलं की जाडी दुप्पट. हे एवढं लक्षात ठेवलं की तक्त्याशिवाय काम भागतं. शून्याच्या खाली जायची वेळ आली तेव्हा त्यांनी ऋण आकडे घेतले नाहीत. नुसती शून्यं वाढवत नेली. सर्वांत जाड तारेचं नाव त्यामुळे "चार शून्य".

खांबांवरचा प्राणिसंग्रह

या साऱ्या भाषेतला माझा सर्वांत लाडका भाग इथे येतो.

गावातल्या खांबांवरून जाणाऱ्या उघड्या तारांचं नाव काय? "स्क्विरल", म्हणजे खार. थोडी जाड हवी असेल तर "वीझल", त्यापुढे "रॅबिट", मग "रकून", आणि ११ केव्हीच्या (म्हणजे किलोव्होल्टच्या) दणकट लाइनीवर "डॉग". वीज कंपनीच्या टेंडरमध्ये, स्टोअरच्या रजिस्टरमध्ये हीच नावं असतात. "रॅबिट संपलाय, डॉग पाठवू का?" असा फोन कुणी ऐकला तर तो पशुवैद्यकीय दवाखान्यातला नव्हे, वीज उपकेंद्रातला.

जनावर मोठं तशी तार मोठी, असा साधारण नियम आहे. १३२ केव्हीच्या मनोऱ्यांवर "पँथर", २२० वर "झेब्रा", ४०० वर "मूस". मूस हे थंड प्रदेशातलं अवाढव्य हरीण. त्या नावाच्या तारेचं एका किलोमीटरचं वजन सुमारे दोन टन भरतं. खारीच्या एका किलोमीटरचं भरतं ८५ किलो. ४०० केव्हीच्या मनोऱ्यावर एका फेजला एक मूस पुरत नाही, म्हणून दोन किंवा चार मूस शेजारी शेजारी ठेवून एकच फेज करतात. "ट्विन मूस" आणि "क्वाड मूस" ही त्यांची रीतसर नावं. याहून मोठ्या ७६५ केव्हीच्या लाइनींवर येते "बर्सिमिस". हा मात्र प्राणी नाही. हे नाव कॅनडातल्या एका नदीचं आहे. प्राणिसंग्रहात नदी शिरलेली बघून दर वेळी मौज वाटते.

ही प्राण्यांची नावं ब्रिटिश परंपरेतली, आणि ती एका विशिष्ट जातीच्या तारेची: पोटात पोलाद, बाहेर ॲल्युमिनियम. नुसत्या ॲल्युमिनियमच्या तारांना त्याच परंपरेत कीटकांची नावं आहेत. मुंगी, गांधीलमाशी, कोळी, एवढंच काय, झुरळसुद्धा. अमेरिकेने पोलादाच्या तारांना पक्षी दिले आणि नुसत्या ॲल्युमिनियमच्या तारांना फुलं. त्यात ट्युलिप आहे, ऑर्किड आहे आणि चक्क झेंडूही आहे. खांबावरून घरात येणाऱ्या पिळाच्या तारांचा थाट आणखी वेगळा. दोन तारांच्या जुडीला कुत्र्यांच्या जाती, चार तारांच्या जुडीला घोड्यांच्या.

ऑस्ट्रेलियाने तर कमाल केली. तिथे पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या तारांच्या एका प्रकाराला फळांची नावं आहेत. आंबा, केळं, लिंबू. पोलादावर ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या प्रकाराला खेळांची, त्यामुळे "क्रिकेट" नावाची तार खरोखर अस्तित्वात आहे. नुसत्या ॲल्युमिनियमला ग्रह-तारे. खगोलशास्त्रज्ञांनी २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं. तारांच्या यादीत तो अजून आपल्या जागी आहे.

हे सगळं निव्वळ हौसेपोटी नाही. "पोलादाच्या सात आणि ॲल्युमिनियमच्या चोपन्न, प्रत्येकी ३.५३ मिलिमीटर" असं दर वेळी लिहायचं म्हटलं तर कुठे ना कुठे एक आकडा चुकणारच. चुकलेल्या आकड्याची तार ट्रकभर येऊन पडते. "मूस" म्हटलं की चुकायला जागाच राहत नाही.

एकाभोवती सहा

मूसमधल्या तारा मोजा. सात आणि चोपन्न, एकूण ६१. पँथरमध्ये पोलादाच्या सात आणि ॲल्युमिनियमच्या तीस, एकूण ३७. सात बाय वीसमध्ये सात. जाड केबलच्या कोअरमध्ये, म्हणजे आवरणातल्या एकेका कंडक्टरमध्ये, बहुतेकदा १९ किंवा ३७. हेच आकडे पुन्हा पुन्हा का येतात?

एक रुपयाची सात नाणी घ्या. एक मध्ये ठेवा आणि बाकीची त्याला चिकटवून गोलाकार मांडा. बरोबर सहा बसतात. सातव्याला जागा नसते आणि फटही राहत नाही. त्याबाहेरच्या वर्तुळात बारा बसतात, त्याबाहेर अठरा, मग चोवीस. एक, सात, एकोणीस, सदतीस, एकसष्ट. तारेचा गोल पीळ घट्ट हवा असेल तर याच आकड्यांवर थांबावं लागतं. भूमितीने घालून दिलेली ही लक्ष्मणरेषा आहे. मूसच्या पोटात पोलादाच्या सात तारा, त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमच्या बारा, मग अठरा, मग चोवीस. बेरीज चोपन्न. चोख!

"डॉग"ची रचना मला मूसपेक्षाही सुंदर वाटते. त्यात ॲल्युमिनियमच्या सहाच तारा, प्रत्येकी ४.७२ मिलिमीटर. मध्ये सातवी तितकीच जाड हवी. पण एकच जाड पोलादी तार घातली तर ती ताठ राहते. म्हणून १.५७ मिलिमीटरच्या सात बारीक पोलादी तारांचा पीळ मध्ये घातला. सात तारांच्या पिळाची जाडी एका तारेच्या तिप्पट असते. १.५७ गुणिले तीन, ४.७१. जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळली.

कामाची वाटणीही ठरलेली असते. ताण पोलादाने सोसायचा, वीज ॲल्युमिनियमने वाहायची. ॲल्युमिनियम तांब्याच्या तुलनेत ६१ टक्केच वीजवाहक आहे, पण त्याचं वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. किलोला किलो लावून पाहिलं तर ॲल्युमिनियम तांब्याच्या दुप्पट काम करतं. मनोऱ्यांवर तांबं दिसत नाही ते यामुळे.

साडेतीन

मराठी माणसाला साडेतीन हा आकडा घरचा. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. सोसायटीच्या मीटर रूममध्ये येणारी जाड काळी केबलही साडेतीन कोअरचीच असते.

तीन कोअर तीन फेजचे, पूर्ण जाडीचे. चौथा न्यूट्रलचा, तो बारीक, म्हणून त्याला अर्धा धरायचा. कारण सोपं आहे. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर त्यांचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडून काढतात आणि न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच उरत नाही. मग रिकाम्या रस्त्यासाठी पूर्ण धातू का खर्चायचा? गंमत अशी की हा "अर्धा" नेहमी अर्धा नसतो. ५० चौरस मिलिमीटरच्या केबलला न्यूट्रल २५ चा, पण १२० च्या केबलला ६० चा नव्हे, ७० चा. ३५ च्या केबलला १६ चा. जवळचं जे माप बाजारात तयार मिळतं ते घेतात. साडेतीन हे केबलचं नाव, हिशेब नव्हे.

आता काळजीची गोष्ट. संगणक, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर ही उपकरणं वीज एकसारखी घेत नाहीत, हिसक्याहिसक्याने घेतात. त्यातून मूळ प्रवाहाच्या तिप्पट वारंवारतेचे प्रवाह तयार होतात आणि ते न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, एकमेकांत मिळतात. अशा उपकरणांनी भरलेल्या ऑफिसच्या इमारतीत न्यूट्रलमधला प्रवाह फेजपेक्षा जास्त होऊ शकतो. जिथे सर्वांत बारीक कोअर तिथे सर्वांत जास्त गरमी. त्यामुळे अशा ठिकाणी चांगला सल्लागार साडेतीनवर थांबत नाही, पूर्ण चार कोअर मागतो. नव्या ऑफिसचं वायरिंग काढणाऱ्याने हा प्रश्न विचारायलाच हवा.

ए-टू-एक्स-एफ-वाय

जाड केबलवर अशी अक्षरं छापलेली असतात. पासवर्ड वाटतो, पण ते केबलचं अंतरंग आहे. आतून बाहेर वाचत जायचं. ए म्हणजे ॲल्युमिनियमचा कंडक्टर. टू-एक्स म्हणजे त्यावर एक्सएलपीई या प्लास्टिकचं आवरण. एफ म्हणजे पोलादाच्या चपट्या पट्ट्यांचं चिलखत. शेवटचा वाय म्हणजे सर्वांत बाहेरची पीव्हीसीची शीथ. चिलखत गोल तारांचं असेल तर एफच्या जागी डब्ल्यू येतो.

तांब्याला अक्षर कुठलं? कुठलंच नाही! सुरुवातीला ए नसेल तर कंडक्टर तांब्याचा समजायचा. पीव्हीसीला वाय का, असं मनात आलं तर जर्मनीच्या मानकांकडे पाहा. तिथेही पीव्हीसीला वाय आणि एक्सएलपीईला टू-एक्स आहे.

टू-एक्स आणि वाय यांच्यातला फरक खिशाला जाणवतो. पीव्हीसीचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत कायम टिकतं, एक्सएलपीई ९० अंशांपर्यंत. त्या वीस अंशांच्या जोरावर तेवढ्याच जाडीच्या केबलमधून जास्त करंट नेता येतो.

दाबाचे आकडेही असेच कोड्यात. "१९/३३ केव्ही". तेहतीसला वर्गमूळ तीनने भागलं की एकोणीस येतात. फेज आणि जमिनीमधला दाब आधी, दोन फेजमधला नंतर. घरातल्या वायरीवर मात्र सरळ ११०० व्होल्ट छापलेलं असतं, वापर २३० चा असला तरी.

एफआरचे दोन अर्थ

इथे थोडं थांबायला हवं, कारण इथला गैरसमज जिवावर बेतू शकतो. आपल्या बाजारात एफआर वायर म्हणजे जिच्यावरून आग पसरत जात नाही अशी वायर. ज्योत बाजूला काढली की ती विझते. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. एफआर वायरीचं आवरण जळत राहायला किमान २९ टक्के लागतो. त्यामुळे साध्या हवेत तिची ज्योत तग धरत नाही.

पण आग लागलेली असतानाही वीज चालू ठेवणारी केबल ही वेगळी वस्तू आहे. तिला आपल्याकडे फायर सर्व्हायव्हल म्हणतात. परदेशातल्या कागदपत्रांत मात्र त्याच गोष्टीसाठी कधी कधी एफआर हीच दोन अक्षरं दिसतात. लिफ्ट, आगीचा पंप, जिन्यातले आणीबाणीचे दिवे यांना दुसऱ्या प्रकारची केबल लागते. सोसायटीच्या कमिटीने कोटेशनमध्ये नुसतं "एफआर" वाचून सही करू नये. पूर्ण नाव लिहून मागावं.

एफआरएलएस म्हणजे शिवाय धूर कमी. आगीत ज्वाळेआधी धूर माणसाला गाठतो. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो, आणि जळताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. मेट्रो, हॉस्पिटल, थिएटर अशा बंद जागांसाठी क्लोरीन अजिबात नसलेली आवरणं निघाली ती यासाठी.

काळी वायर धरू का?

महाराष्ट्रातला वायरमन म्हणेल, काळी म्हणजे न्यूट्रल. न्यू जर्सीतला इलेक्ट्रिशियन किंचाळेल, कारण तिथे काळी म्हणजे जिवंत फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे थ्री फेजमध्ये लाल, पिवळी, निळी. ब्रिटनमध्येही हेच होतं. २००४ मध्ये त्यांनी युरोपसारखे तपकिरी, काळा आणि करडा हे रंग घेतले आणि निळा न्यूट्रलला दिला. म्हणजे तिथे काळी वायर न्यूट्रलची फेज झाली! जुन्या घरात नवी वायर जोडताना काय काळजी घ्यावी लागली असेल, विचार करा.

आपल्या घरातही हा घोळ आहे. बोर्डात निळी वायर फेजची असू शकते. मिक्सरच्या कॉर्डमध्ये मात्र तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. कॉर्डला नवा प्लग बसवताना हे ध्यानात ठेवावंच.

जर्मनीत तर १९६० च्या दशकापर्यंत अर्थिंगची वायर लाल होती. आज जगात बहुतेक ठिकाणी अर्थिंगला हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची वायर आहे. दोन रंग एकत्र घेण्यामागे एक माणुसकीचं कारण आहे. ज्याला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही, त्यालाही पट्टे दिसतात.

हेडफोनमधली जर

हेडफोनची वायर हजारदा वाकते, गुंडाळली जाते, खिशात कोंबली जाते, तरी पटकन तुटत नाही. आत साधी तांब्याची तार असती तर कधीच तुटली असती. तिथे टिन्सल वायर असते. मध्ये सुताचा धागा, त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची कागदासारखी पातळ पट्टी. ताण धागा घेतो, आवाज तांबं नेतं. पैठणीच्या पदरातली जर हातात घेऊन बघा. रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार. दोन्हींची घडण एकच. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरची वायरही याच कुळातली.

लिट्झ वायर ही दुसरी नाजूक जात. वारंवारता वाढली की वीज तारेच्या गाभ्यातून वाहायचं सोडून पृष्ठभागावरून वाहू लागते. आपल्या ५० हर्ट्झला तांब्यात ती साधारण ९ मिलिमीटर खोलीपर्यंत जाते, त्यामुळे घरच्या वायरीत काही फरक पडत नाही. इंडक्शन शेगडी मात्र वीस हजार हर्ट्झच्या वर चालते. तिथे अर्धा मिलिमीटरही खोली मिळत नाही. म्हणून शेगडीच्या कोईलमध्ये केसासारख्या बारीक, प्रत्येकी वार्निशचा लेप दिलेल्या कितीतरी तारांचा पीळ असतो. पृष्ठभाग वाढवायचा हा उपाय.

भराभर आणखी काही

तांब्याची वीजवाहकता टक्क्यांत सांगतात आणि ती शंभरच्या वर जाऊ शकते. १९१३ साली त्या काळच्या उत्तम तांब्याला शंभर टक्के ठरवलं. आजचं चांगलं तांबं १०१ टक्के भरतं.

चांदी तांब्याहूनही चांगली वीजवाहक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तांब्याची टंचाई होती, तेव्हा अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करणाऱ्या प्रचंड विद्युतचुंबकांची वेटोळी सरकारी खजिन्यातली सुमारे १४,७०० टन चांदी उसनी घेऊन बनवली. चांदीचा शेवटचा हप्ता १९७० मध्ये परत गेला.

"मेगर मारला का?" असं वायरमन विचारतो. आवरणाचा रोध मोजायचं ते यंत्र. मेगर हे एका ब्रिटिश कंपनीचं व्यापारी नाव. आता कुठल्याही कंपनीचं यंत्र असो, मेगरच.

इंटरनेटच्या केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या मापाचा असतो, म्हणजे एकीचा संदेश दुसरीत झिरपत नाही. तारांची जोडी पिळायची ही कल्पना अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, १८८१ ची.

उघड्या तारेवर आकडा टाकून वीज चोरणं आपल्याला चांगलं माहीत आहे. त्यावरचा उतारा म्हणजे एबी केबल. आवरण घातलेल्या तारांचा जाड पीळ. आकड्याला उघडा धातूच सापडत नाही.

आणि मोठ्या मनोऱ्याच्या अगदी टोकावरची ती बारीक तार? ती वीज वाहत नाही, आकाशातली वीज अंगावर घेऊन जमिनीत सोडते. आता अनेक लाइनींवर त्या तारेच्या पोटात काचतंतू असतात आणि त्यांतून फोन आणि इंटरनेट धावतं.

मुंबई ते एडन

कोअर, शीथ, आर्मर हे शब्द एकोणिसाव्या शतकातल्या समुद्री तारांच्या जमान्यातही रुळलेले होते. त्या तारांच्या मध्ये तांबं, त्यावर गटापर्चा, त्यावर ताग, त्यावर लोखंडी तारांचं चिलखत. गटापर्चा हा मलायाच्या जंगलातल्या झाडांचा चीक. समुद्राच्या थंड पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि प्लास्टिक येईपर्यंत त्याच्या तोडीचं काही मिळालं नाही. त्यासाठी असंख्य झाडं तोडली गेली, हेही लिहिलं पाहिजे.

१८५८ ची पहिली अटलांटिक केबल काही आठवड्यांतच मेली. राणी व्हिक्टोरियाचा शंभरेक शब्दांचा संदेश पोचायला सोळा तास लागले. संदेश लवकर जावा म्हणून पुढे तिच्यावर भलताच मोठा दाब दिला, तो आवरणाला सोसला नाही. त्या अनुभवातून शुद्ध तांबं, रोध आणि दाब यांची काटेकोर मोजणी सुरू झाली. १८६६ साली "ग्रेट ईस्टर्न" या अजस्र जहाजाने अटलांटिकमध्ये टिकणारी केबल टाकली. तेच जहाज पुढे मुंबईला आलं आणि १८७० च्या फेब्रुवारीत इथून एडनच्या दिशेने केबल सोडत निघालं. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई आणि लंडन समुद्राखालून जोडली गेली.

आज वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अनेक समुद्री केबली मुंबईत शिरतात. संदेश काचेतून जातात, पण तांबं सुटलेलं नाही. समुद्रतळावर ठराविक अंतराने बसवलेल्या, संदेशाला पुन्हा जोर देणाऱ्या रिपीटरना वीज लागते. त्यासाठी काचतंतूंच्या भोवती तांब्याची नळी असते आणि किनाऱ्यावरच्या केंद्रातून तिच्यात हजारो व्होल्टचा डीसी सोडलेला असतो.